बाराखडी पाठ, वाचन अडलेलं

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत छडीच्या आणि मधल्या सुट्टीतल्या बोरांच्या आठवणी इतर जण लिहितीलच. आमच्या बॅचमधल्या अनेकांची मुलं आता याच शाळेत पहिली-दुसरीत आहेत आणि या आईवडिलांची तक्रार एकच: बाराखडी पाठ आहे, पण वाचता येत नाही. मी स्वतः पहिलीला शिकवतो, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

आपण आधी अ ते ज्ञ, मग बाराखडी आणि मग शब्द असे शिकलो. त्यात वाचण्यासारखं काही हाती यायला महिने जायचे. आता बऱ्याच वर्गांत अक्षरगट घेतात. न, म, ग, र, त आणि काना एवढ्यावर मगर, नगर, रात, तारा, नाग हे शब्द होतात. 'मामा रानात' हे वाचताही येतं. पुढच्या गटात क, ल, घ, आ आणि दुसरी वेलांटी आली की 'मामी घरात आली' जमतं.

दुसरी वेलांटी आधी, हे मुद्दाम. ती अक्षरानंतर येते आणि मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार बहुधा दीर्घच, त्यामुळे काकी, माती, गाडी असे ओळखीचे शब्द भरपूर मिळतात. पहिली वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर. मुलं 'किती'चं 'इकती' करतात ते यामुळेच. घ-ध, भ-म, ब-व, थ-य, प-ष या जोड्या एका गटात कधीच घेऊ नयेत. एक पक्कं झाल्यावरच दुसरं. फळ्यावर ख सुटा लिहिला की 'खत'चं 'रवत' होणार, आणि त्यात चूक लिहिणाऱ्याची.

घरी सगळ्यात जास्त नुकसान करते ती 'म ला काना मा' ही फोड. मूल प्रत्येक अक्षराशी एवढं थांबतं की वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. थेट 'मा' म्हणायला लावा. 'घर' वाचताना दोन्ही अक्षरं सुटी पडत असतील, तर बोट न उचलता शब्दाखालून फिरवा. धडा पाठ झाल्याचा संशय आला तर शेवटचा शब्द आधी विचारा, किंवा लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर तेच शब्द लिहून उलटसुलट दाखवा.

जोडाक्षरांत पक्का, गप्पा, हट्ट आधी. मग दांडी गाळून जोडलेली: पुस्तक, त्याने. र मात्र शेवटी, कारण तो चक्र, ट्रक, सूर्य, पुऱ्या या चारही ठिकाणी वेगळा दिसतो. त्यातही रफार बोलायचा आधी आणि लिहायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. 'म्हणाला' सारखे गोष्टीत सारखे येणारे शब्द तोवर अख्खेच ओळखू द्यावेत.

रोज दहा मिनिटं पुरतात, पण त्यातली निम्मी मोठ्यांनी वाचून दाखवण्याची. मूल अडलं तर मनात पाच मोजा, मग शब्द सांगून टाका. तिथे परीक्षा घेत बसू नका. 'चमचा'तला च 'चहा'तल्यासारखा म्हटला, तर शब्द ओळखल्यावर नेहमीच्या बोलण्यातला उच्चार आठवून द्या. आणि घरात 'पानी' बोलणारं मूल 'पाणी' हा शब्द 'पानी' असा वाचत असेल, तर त्याने तो बरोबर वाचलेला आहे. ण चा उच्चार हा वेगळा विषय, तो वेगळ्या वेळी घ्यावा.