साचे फुकटचे, दोरा मात्र चांगला

"घरबसल्या कमी खर्चात काय बनवून विकता येईल?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, कुठली वस्तू पन्नास वेळा सारखीच बनवायला तुला कंटाळा येणार नाही? एखादी सुंदर वस्तू हौसेने कुणीही करतं. पण गिऱ्हाईक येऊन म्हणालं, "अगदी अश्शाच अजून वीस द्या," की हौशी माणसाच्या पोटात गोळा येतो.

हस्तकलेच्या व्हिडिओंनी एक समज पसरवून ठेवलाय की स्वस्त म्हणजे टाकाऊतून टिकाऊ. बाटलीला सुतळी गुंडाळली, झाली फुलदाणी. घरात ठेवायला छान आहे, पण पैसे देऊन कोण नेणार? जे आपल्यालाही सुट्टीच्या दुपारी जमेल, त्यासाठी कुणी पाकीट उघडत नाही. म्हणून माझा नियम असा: फुकटचा माल वस्तूत घालायचा नाही, वस्तू बनवायच्या हत्यारांत घालायचा. खोक्यांचा पुठ्ठा, वापरलेली कॅलेंडरं, खोडरबर, लाकडी पट्ट्या, यांचे साचे, मापं, शिक्के बनवायचे. गिऱ्हाइकाच्या हातात जे राहणार, म्हणजे कागद, दोरा, मुखपृष्ठ, तिथे हात आखडायचा नाही.

मी खिशात मावणाऱ्या शिवलेल्या वह्या करते. मोठ्या वह्या, फोटो अल्बम वगैरे पुढे आले, पण आजही सगळ्यात जास्त जातात त्या या छोट्या. ज्यांना सुरुवात करायचीय त्यांना मी हीच सुचवते. छोटी म्हणून सोपी, हे कारण आहेच. खरं कारण कागदात आहे.

कागदाला ग्रेन असतो. कारखान्यात कागद बनताना तंतू बहुतेक एका दिशेने झोपतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती सुरीसारखी सरळ बसते. आडवी घातली तर कडेला फुटते आणि वही उघडी ठेवली की पानं ताठ उभी राहतात. ओल लागली की तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात, म्हणून ग्रेन कण्याला, म्हणजे पानं शिवली जातात त्या बाजूला, आडवा असलेली वही पावसाळी हवेत लाटा धरते. ग्रेन ओळखायला कागद नुसता अलगद वाकवून बघा, न दुमडता. ज्या बाजूने कमी विरोध करतो, त्या वाकाच्या रेषेला ग्रेन समांतर. खात्री हवी असेल तर एक तुकडा एका बाजूने ओला करा. तो नळीसारखा वळतो, आणि नळीच्या लांबीची दिशा तीच ग्रेनची.

आता गंमत बघा. झेरॉक्सचा ए४ कागद, २१० बाय २९७ मिमी, यात ग्रेन बहुधा लांब बाजूने असतो. तो सरळ मध्ये दुमडून ए५ वही केली, की घडी ग्रेनला आडवी येते. बहुतेक नवशिक्यांची पहिली वही अशीच असते आणि ती का फुगली हे त्यांना कळत नाही. पण तोच कागद आधी मधोमध कापून दोन ए५ केले, आणि मग एकेक ए५ दुमडला, की ग्रेन कण्याला समांतर होतो. हातात येते ती ए६ वही, १०५ बाय १४८ मिमी, शर्टाच्या खिशाची. साधा ऑफिसचा कागद, कुठलाही खास कागद न आणता, आणि तरी वही पाठीवर सपाट पडते. चार ए४ कागदांत आठ ए५ होतात, आठ घड्या एकात एक घातल्या की सोळा पानांचा, म्हणजे बत्तीस पृष्ठांचा गठ्ठा होतो, त्याला फर्मा म्हणतात. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) ए४ साधारण ५ ग्रॅम भरतो, म्हणजे आतला कागद सगळा मिळून २० ग्रॅम. टपालाने पाठवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

घडी दाबायला हाडाची पट्टी विकत मिळते. नसली तर लाकडी फूटपट्टीचा बोटभर तुकडा घ्या, टोक गोल करा, पॉलिश पेपरने हाताला रेशमी लागेपर्यंत घासा. धातूचा चमचा वापरू नका, कागदावर करडी चमक राहते.

आता भोकं पाडायचं घर. याला मराठीत काय म्हणतात कोण जाणे, आम्ही "पाळणा" म्हणतो. खोक्याची एक उभी कड दोन्ही बाजूंना हातभर पुठ्ठा ठेवून कापून घ्या. तो कोपरा आयता काटकोनात असतो. दुसऱ्या लहान खोक्याच्या समोरासमोरच्या भिंतींना त्रिकोणी खाचा पाडा आणि हा कोपरा त्यात पन्हळीसारखा आडवा ठेवा. तळाच्या घडीवर कटरने एक बारीक चीर द्या, टोच्या, म्हणजे भोक पाडायची जाड सुई, खाली जायला. एवढंच. फर्मा उघडून पन्हळीत ठेवला की घडी आपोआप तळाशी बसते, आणि टोच्या नेमका घडीतूनच उतरतो, अर्धा मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही.

भोकांच्या जागा दर वेळी मोजायच्या नाहीत. जाड कार्डाची १४८ मिमी लांबीची पट्टी लांबीच्या दिशेने मध्ये दुमडा, तिच्या घडीवर १५, ४५, ७४, १०३ आणि १३३ मिमीवर खुणा करा. ही पट्टी फर्म्याच्या आत ठेवून टोचायचं. पट्टीच्या एका टोकाला "वर" असं लिहून ठेवा, कारण खुणा कितीही समान वाटल्या तरी हाताने पाडलेल्या असतात, आणि फर्मा नि मुखपृष्ठ उलटसुलट टोचले गेले तर भोकं जुळत नाहीत.

शिवण पाच भोकांची. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढा, वरच्या शेजारच्या भोकातून आत, टोकाच्या भोकातून बाहेर, परत शेजारच्यातून आत. आता मधलं भोक ओलांडून खालच्या शेजारच्यातून बाहेर, खालच्या टोकाला आत, परत शेजारच्यातून बाहेर, आणि शेवटी मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत. मग तो टाका मध्ये धरून गाठ मारा. बाहेरून बघाल तर कण्यावर कुठेही मोकळी जागा नसलेली सलग रेघ दिसते. दोरा कण्याच्या तिप्पट लांब पुरतो. ओढताना कण्याच्या दिशेने ओढायचा. काटकोनात ओढला तर कागद चिरतो, आणि चिरलेलं भोक पुन्हा बुजत नाही.

दोरा मात्र चांगला आणा. लिननचा किंवा जाड सुती, मेणावरून ओढलेला. मेण लावलं की दोरा गुंतत नाही आणि गाठ सरकत नाही. शिलाई मशीनचा रिळाचा दोरा दुहेरी-तिहेरी करून भागवणारे बघितलेत. तो कागदाला करवतीसारखा कापतो. कटरचं पातंही याच खात्यातलं. पातं बोथट झालं की एक दात मोडायचा, त्यात जीव अडकवायचा नाही. आठ कागद एकात एक घातले की आतली पानं मिलिमीटरभर बाहेर डोकावतात, ती कड शेवटी स्टीलच्या पट्टीला टेकवून कापावी लागते. एका दमात नाही, हलक्या हाताने पाच-सहा वेळा. ही कापलेली कड हाताला लागते ना, तिथे वही घरगुती की व्यावसायिक ते ठरतं.

मुखपृष्ठासाठी शिवणकामातून उरलेलं सुती कापड चालतं. मघाच्या नियमात हे बसतं का? बसतं. कापड फुकट मिळालं म्हणून वाईट होत नाही. विटलेलं किंवा रंग जाणारं असेल तर मात्र नको. पण नुसतं कापड पुठ्ठ्याला चिकटवलं की गोंद विणीतून वर येतो आणि डाग पडतो. म्हणून आधी त्याला कागदाची पाठ लावायची, आणि ती खळीनेच. एक भाग मैदा पाच भाग पाण्यात, आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून, मग मंद आचेवर ढवळत. पांढरेपणा जाऊन थोडी पारदर्शक झाली की उतरवा. कापड ओलं करून काचेवर उलटं पसरा, सुरकुत्या हाताने काढा. पातळ पण मजबूत कागद चारही बाजूंनी कापडापेक्षा २ सेंमी मोठा घ्या, त्याला खळ फासा, कापडावर पालथा घाला आणि मधून कडांकडे कोरड्या ब्रशने दाबत जा. कागदाची जादा कड काचेला चिकटते, म्हणून वाळताना कापड ढोलकीच्या पानासारखं ताणलं जातं. पूर्ण वाळल्यावर पट्टी सारून सोडवा. ही मुखपृष्ठं पांढऱ्या गोंदानेही बिनडाग चिकटतात, कारण गोंदाला आता कागद लागतो. खळ दोन-तीन दिवसांत आंबते. जुने बाइंडर तीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, पोरंबाळं असलेल्या घरात नको. थोडी करा, संपवा.

शिक्क्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण त्यात मला सगळ्यात मजा येते. मऊ खोडरबर, कटर आणि ४बी किंवा ६बी पेन्सिल, एवढं भांडवल. अक्षरं उलटी कशी काढायची म्हणून लोक घाबरतात. उलटी काढायचीच नाहीत. पातळ कागदावर सुलटं नाव गडद पेन्सिलीने लिहा, कागद खोडरबरावर पालथा ठेवून मागून नखाने घासा. शिसं रबरावर उतरतं, आपसूक उलटं. मग पांढरा भाग कोरून काढा. रेघेच्या कडेने पातं धरताना ते रेघेपासून बाहेर कलतं धरा, म्हणजे रेघ वर बारीक आणि बुडाशी रुंद राहते. आतल्या बाजूला कललं तर रेघ पोकळ होते आणि चार छापांत तुटते. देवनागरी कोरायला शिरोरेषेची मोठी मदत होते, सगळं अक्षर तिला लटकून राहतं. जीव जातो तो अनुस्वारात. तो एकटा ठिपका रबरावर टिकवायचा तर त्याच्याभोवतीची जागा फार खोल खणायची नाही. शिक्के ठेवायचे कागदात गुंडाळून. प्लास्टिकच्या डबीत ठेवलं तर रबरातला मऊपणा आणणारा पदार्थ प्लास्टिकला लागतो आणि दोघं एकमेकांना कायमचे चिकटतात. शाळेतल्या कंपासपेटीत हे सगळ्यांनी बघितलंय.

पॅकिंगला माझी सरळ घडीची डबी आहे. चौकोनी कागदाचे चारही कोपरे मध्यावर आणायचे, मग चारही कडा मध्यावर, आणि उलगडून भिंती उभ्या करायच्या. गोंद लागत नाही. तळाची बाजू कागदाच्या बाजूच्या साधारण ०.३५ पट येते आणि उंची तळाच्या निम्मी. म्हणजे ए४ मधून कापलेल्या २१ सेंमी चौकोनाची डबी ७.४ सेंमी रुंद आणि ३.७ सेंमी उंच. त्यात वही नाही मावत, पण बुकमार्क, कानातली, बटणं विकणाऱ्यांना ती नेमकी बसते. झाकणाचा चौकोन तळाच्या चौकोनापेक्षा ८ मिमी मोठा घ्या. झाकण सुमारे ३ मिमीने मोठं होतं आणि छान बसतं. ए४ मधून चौकोन काढल्यावर जी ८.७ सेंमीची पट्टी उरते ती टॅगला जाते, त्यावर शिक्का. कॅलेंडरचा जाड कागद असेल तर छापील बाजू आत.

फोटोचं लवकर आटपते. खोक्याच्या दोन बाजूंना आणि वर खिडक्या कापा, त्यावर ट्रेसिंग पेपर लावा, आत पांढरा कार्डशीट कोपरा न पाडता वळवून घाला, दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ ठेवा. पिवळा दिवा आणि खिडकीचा उजेड एकत्र करू नका, मुखपृष्ठाचा रंग खोटा येतो आणि मग गिऱ्हाइकाचं "फोटोत वेगळं होतं" ऐकावं लागतं.

राहिली किंमत. माझी नणंद या कामात अर्धी भागीदार आहे आणि हिशेब तिच्याकडे. तिचं म्हणणं, सामान अधिक वेळ अधिक पॅकिंग, अधिक बिघडलेल्या मालाचा वाटा. वेळ मोजायचा तो एका वहीचा नाही, दहा वह्या एकत्र करून त्याला दहाने भागायचं: आधी सगळं कापून, मग सगळं दुमडून, मग सगळं टोचून. हे मला पटतं. आणि वस्तू दुकानातून विकली जाणार असेल तर दुकानदाराचा हिस्सा आधीच किमतीत धरायचा, नाहीतर स्टॉलवर एक भाव नि दुकानात एक भाव होतो आणि दोन्हीकडे तोंड लपवावं लागतं. हेही पटतं.

पटत नाही ते एकच. पाळणा आणि शिक्के बनवायला गेलेला वेळ तिला हिशेबात धरायचाय, प्रत्येक वहीवर थोडा थोडा. मी म्हणते, ती माझी करमणूक आहे, धरू नकोस. ती म्हणते, "वहिनी, उद्या तू आजारी पडलीस आणि पाळणा दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावा लागला, तर ते करमणूक म्हणून फुकट करतील का?" तूर्त तिने वहीत त्याचा वेगळा रकाना आखलाय, आणि मी तो रिकामा सोडते.