चवेणीला मुनवे येत नाहीत

घाटमाथ्यावरच्या उघड्या पडलेल्या कातळउतारावर स्थानिक झाडं परत लावायचं काम आमच्याकडे आहे. रोपवाटिकेतून आलेला माल उतरवण्याआधी तपासणं माझ्याकडे. त्या दिवशी टेम्पोत केळीची रोपं आली. चलनावर लिहिलं होतं, ‘रानकेळ, सह्याद्री’.

आम्हाला हवी होती ती चवेणी, म्हणजे सह्याद्रीतल्या कड्यांवरची रानकेळ, एन्सेटे सुपर्बम. पावसात कड्याकपारीत हिरवीगार दिसते आणि पुढे पानं वाळली की नुसता फुगीर बुंधा उरतो, तीच.

रोपवाटिकावाले दादा उत्साहात होते. “मॅडम, अस्सल रानटी आहे बघा. एका झाडाला किती मुनवे धरलेत!”

मुनवे म्हणजे बुंध्याशी फुटणारी पिलं. माझ्यासाठी निकाल तिथेच लागला. चवेणीला मुनवे येत नाहीत. ती बियांपासूनच उगवते, एकटी वाढते, आयुष्यात एकदाच फुलते आणि फळं पिकली की मरते. म्हणून तर कड्यावरची एक चवेणी फळण्याआधी तोडली, की तिचा वंश तिथेच संपतो.

मग ही कोण? सोबत फुललेलं एक मातृझाड आणलं होतं, त्यामुळे काम सोपं झालं. चवेणीचं केळफूल खाली झुकतं आणि त्याचे छद, म्हणजे फुलांना झाकणारी पानं, गळून न पडता टिकून राहतात. इथे केळफूल ताठ उभं, छद गुलाबी, उलटे वळलेले, आणि प्रत्येकाखाली मोजकी फुलं एकाच रांगेत. म्हणजे शोभेच्या छोट्या केळींपैकी एक. त्यांत रंगावर विसंबलं की गल्लत होते, कारण मुसा ऑर्नाटाही गुलाबीच असते, जरा फिकट जांभळ्याकडे झुकणारी. मी फळावरून बोट फिरवलं. मखमल! ऑर्नाटाचं फळ गुळगुळीत असतं. भिंगाखाली तर दांड्यावरही बारीक लव दिसली. एक पिकलेलं फळ आपणहून उललं होतं, गुलाबी साल मागे वळलेली, आत पांढरा गर आणि काळ्या, ओबडधोबड बिया. शंकेला जागाच नव्हती: मुसा व्हेल्युटिना, मूळची आसाम-अरुणाचलकडची.

झाड देखणं आहे, बागेत मी स्वतः लावीन. पण असं आपणहून उघडणारं, बियांनी भरलेलं फळ मोकळ्या डोंगरउतारावर नेऊन ठेवायला माझी तयारी नाही. अख्खा टेम्पो परत पाठवला.

दादा नाराज झाले, पण निघताना त्यांनी विचारलं, चवेणीची रोपं करायची कशी? पिकून आपोआप पडलेल्या लोंगरातल्या, म्हणजे घडातल्या, बिया, त्याही वनखात्याची परवानगी काढून, असं सांगितलं. कवच टणक असतं, उगवायला वेळ लागतो, सगळ्या एकदम रुजत नाहीत. ते पिशव्या भरून ठेवायला तयार झाले. कड्यावरून उपटून आणलेलं एकही रोप घेणार नाही, ही अट मात्र मी तिथेच चलनाच्या मागे लिहून दिली.