न्यूझीलंडसाठीची टेलिफोन मुलाखत आणि तिची तयारी : माझा अनुभव

न्यूझीलंडच्या ‘स्किल्ड मायग्रंट’ म्हणजे कुशल स्थलांतरितांच्या गटातून मी 2014 मध्ये निवासासाठी अर्ज केला. तिथली नोकरी हातात नसलेल्या अर्जदाराला त्या काळी टेलिफोनवरील मुलाखत बहुधा चुकत नसे. वय, शिक्षण, अनुभव अशा गोष्टींवर मिळणाऱ्या गुणांची अट पूर्ण करून निवडयादीतून बोलावणे आले, चार महिन्यांच्या मुदतीत कागदपत्रे दाखल झाली, म्हणजे काम संपले असे मानण्याकडे आपला कल असतो. प्रत्यक्षात हा माणूस आपल्या देशात येऊन खरोखरच टिकेल का आणि त्याच्या शिक्षणाला साजेसे काम त्याला मिळेल का, हे अधिकारी ठरवत असे ते या संभाषणातून. त्यानंतर नियम बरेच बदलले आहेत. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये निवडीची किमान मर्यादा 160 गुणांवर नेण्यात आली आणि ऑक्टोबर 2023 पासून तर सहा गुणांची निराळीच पद्धत लागू झाली असून तिच्यात न्यूझीलंडमधील नोकरी किंवा नोकरीचा देकार असल्याशिवाय अर्जच करता येत नाही. म्हणून गुणांच्या हिशेबात न शिरता मी मुलाखतीपुरतेच लिहितो.

तयारीच्या सुरुवातीला एका एजंटाने मला प्रश्नोत्तरांची लांबलचक यादी दिली होती. ‘न्यूझीलंडच का?’ या प्रश्नाचे तयार उत्तर होते की तेथील निसर्ग सुंदर आहे, समुद्रकिनारे स्वच्छ आहेत आणि लोक शांतताप्रिय आहेत. गुहागरच्या माणसाने समुद्र आणि हिरवे डोंगर पाहण्यासाठी देश सोडतो म्हणावे, हे मला स्वतःलाच पटेना, तर ते अधिकाऱ्याला कसे पटणार? शिवाय न्यूझीलंडच्या 2007 च्या कायद्यानुसार इमिग्रेशनचा सल्ला देणाऱ्याकडे तेथील सरकारी परवाना असावा लागतो, काही मोजके अपवाद वगळता, आणि मे 2010 पासून हे बंधन त्या देशाबाहेरील सल्लागारांनाही लागू आहे. परवानाधारकांची नोंदवही इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. या गृहस्थांचे नाव तिच्यात नव्हते. यादी बाजूला ठेवली आणि आपल्याच फाईलकडे वळलो.

माझ्या मते या मुलाखतीची निम्म्याहून अधिक तयारी म्हणजे आपण स्वतः भरून दिलेला अर्ज परीक्षेला बसल्यासारखा वाचणे. अधिकाऱ्यासमोर आपला चेहरा नसतो, आपले कागद असतात, आणि तो त्या कागदांवर बोट ठेवून प्रश्न विचारत जातो. मी एका मोठ्या तक्त्यावर पदवीपासून आजपर्यंतचा प्रत्येक महिना ओळीने मांडला आणि त्यासमोर नोकरी, पद, कामाची जागा, वरिष्ठांचे नाव आणि पुराव्याचा कागद कोणता, हे लिहून काढले. तसे केल्यावर दोन ठिकाणी लक्ष द्यावे लागेल हे उघड झाले. पहिल्या कंत्राटदाराच्या पत्रात माझे पद ‘साईट इंजिनियर’ असे होते, तर त्याच कंपनीच्या नंतरच्या पगारपत्रकांवर ‘प्रोजेक्ट इंजिनियर’. मधल्या काळात कंपनीने पदांची नावे बदलली होती, एवढीच गोष्ट होती. परंतु टेलिफोनवर ती एका वाक्यात सांगता आली पाहिजे. दुसरी जागा होती ती दोन नोकऱ्यांमधील मोकळ्या महिन्यांची. त्या वर्षी वडिलांना हापूसची बाग एकट्याने पाहणे झेपणारे नव्हते, म्हणून मोहोरापासून काढणीपर्यंत मी घरीच होतो. आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही, पण परक्या देशातील अधिकाऱ्याला पाच महिन्यांचा खंड म्हणजे पाच महिन्यांचा खंडच दिसतो. वडिलांच्या नावाचा सातबारा आणि वाशीच्या दलालाकडून आलेल्या आंबाविक्रीच्या हिशेबाच्या पट्ट्या मी इंग्रजी भाषांतरासह वेगळ्या पाकिटात तयार ठेवल्या.

उरलेली तयारी ज्या गावात राहायचे त्या गावाची. मी क्राइस्टचर्च निवडले होते. 22 फेब्रुवारी 2011 च्या भूकंपात त्या शहरात 185 माणसे मृत्युमुखी पडली, शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला आणि पूर्वेकडील उपनगरांत जमिनीचे द्रवीभवन होऊन, म्हणजे हादऱ्यांनी ओली जमीन पातळ चिखलासारखी होऊन, सांडपाण्याच्या वाहिन्या आणि रस्ते निकामी झाले. या भूमिगत वाहिन्या, रस्ते, पूल आणि टेकड्यांवरील संरक्षक भिंती नव्याने उभारण्यासाठी सरकारी यंत्रणा, महापालिका आणि पाच कंत्राटदार कंपन्या यांची ‘स्कर्ट’ या लघुनावाची आघाडी 2011 मध्ये स्थापन झाली होती. मी त्या कंपन्यांच्या जाहिरातींमधील कामाचे स्वरूप वाचले आणि माझ्या अनुभवाशी एकेक बाब ताडून पाहिली. घाटरस्त्याच्या कडेला संरक्षक भिंत बांधताना तिच्यामागे साठणाऱ्या पाण्याला वाट काढून दिली नाही तर पहिल्याच पावसाळ्यात ती पोटातून फुगते, हे कोकणात काम केलेल्या इंजिनियरला पुस्तकातून शिकावे लागत नाही. शिवाय रत्नागिरी जिल्हा त्या वेळच्या भारतीय मानकानुसार भूकंपाच्या चौथ्या विभागात मोडत असल्याने सळयांची बांधणी त्या नियमांप्रमाणे करण्याची सवय होती. 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपाच्या रात्री माणसे अंगणात कशी येऊन बसली होती, हे आमच्या घरी अजून सांगतात. ते मी मुलाखतीत सांगितले नसते, पण अधिकारीणबाईंनीच ‘भूकंपाच्या भीतीचे काय?’ असे विचारले, तेव्हा ते आपसूक आले.

जे येत नाही तेही नेमके सांगता यावे, याची मी काळजी घेतली. तिथली घरे मुख्यत्वे लाकडी सांगाड्याची असतात आणि त्यांच्यासाठी ‘एनझेडएस 3604’ हे मानक आहे. बांधकामाची परवानगी 2004 च्या कायद्याखाली स्थानिक कौन्सिल देते. यातले मला वाचून माहीत होते, हाताखालून काही गेले नव्हते, आणि मी तसेच म्हणालो. घराच्या बाबतीत भाडे आठवड्याच्या हिशेबाने असते आणि अनामत जास्तीत जास्त चार आठवड्यांच्या भाड्याइतकी घेता येते, हे माहीत असल्याने पहिल्या काही महिन्यांचा खर्च कागदावर मांडता आला. पत्नी फार्मासिस्ट आहे. तेथील फार्मसी कौन्सिलची नोंदणी झाल्याखेरीज तिला त्या पदावर काम करता येणार नव्हते, त्यामुळे ‘तोपर्यंत घर कशावर चालेल?’ या प्रश्नावर आम्ही दोघांनी बसून एकच उत्तर ठरवले, कारण अधिकारी जोडीदाराशीही बोलू शकतो.

इंग्रजी बोलण्याची मला धास्ती नव्हती, ऐकण्याची होती. समोर ओठ दिसत नाहीत आणि न्यूझीलंडच्या उच्चारात ‘टेन’ आपल्या कानाला ‘टिन’ वाटते. रोज संध्याकाळी इंटरनेटवरून रेडिओ न्यूझीलंड ऐकण्याचा नेम मी ठेवला. ऑकलंडला असलेला कॉलेजचा एक मित्र अधूनमधून फोन करून उलटसुलट विचारी. ‘अरे, गप्प राहायला शीक,’ हे त्याचेच सांगणे. अधिकारी उत्तर टाइप करून घेत असल्यामुळे प्रत्येक उत्तरानंतर शांतता पसरते आणि ती असह्य होऊन माणूस नको तो तपशील जोडत सुटतो. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारण्यास सांगावे, अंदाजाने उत्तर देऊ नये, हेही त्याने बजावले होते.

मुलाखत जुलैमध्ये ठेवली होती. पत्रात दुपारी दोनची वेळ न्यूझीलंडची होती, म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसात. (सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळे तासभर पुढे जातात आणि साडेसहा तासांचे अंतर साडेसात होते.) भर पावसात आमच्या वाडीत मोबाईलची रेंज आणि वीज या दोहोंवर विसंबणे शक्य नव्हते, म्हणून मी आदल्या दिवशीच चिपळूणला मावशीकडे मुक्कामाला गेलो आणि तिथला लँडलाइन नंबर आधीच कळवला. मावशीच्या घराच्या पुढच्या पडवीवर पत्रे आहेत. सरी कोसळू लागल्या की तिथे शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नाही. माजघरावर मात्र कौले आहेत. लांब वायर जोडून फोन तिथे नेला, बेलचा आवाज पाहिला, मावशीने कुकर नऊनंतर लावायचे कबूल केले आणि काकांनी दूधवाल्याला फाटकातच गाठले. टेबलावर तो तक्ता, अर्जाची प्रत, खर्चाचा कागद आणि पाण्याचा तांब्या, एवढेच ठेवले होते. लिहून ठेवलेले एकही उत्तर नव्हते, कारण वाचलेले उत्तर फोनवर लगेच ओळखू येते.

बाईंनी आधी नाव, जन्मतारीख आणि अर्जाचा क्रमांक पडताळला, मग कामाविषयी बारकाईने विचारले : रोज सकाळी साईटवर पोहोचल्यावर पहिले काम कोणते, हाताखाली किती माणसे, बिले कोण तपासतो. पद का बदलले हे त्यांनी विचारले, आंब्याच्या हंगामाविषयीही विचारले आणि पट्ट्यांच्या प्रती मागवून घेतल्या. निसर्गसौंदर्याचा विषय तासाभराहून अधिक चाललेल्या त्या बोलण्यात निघालाच नाही. कोणत्या कंपन्यांना पत्रे पाठवली आणि त्यांनी काय उत्तरे दिली, यावर मात्र त्या बराच वेळ रेंगाळल्या. तिथे येऊन भेटल्याशिवाय बोलणे पुढे नेता येणार नाही असे दोघांनी कळवले होते, आणि ती ईमेलेही मी त्याच दिवशी पाठवली.

पुढे त्यांनी माझ्या कंपनीच्या कार्यालयात फोन करून माझी चौकशी केली. वरिष्ठांना मी आधीच विश्वासात घेतलेले असल्याने तिथे गोंधळ झाला नाही. निर्णय आला तो थेट निवासाचा नव्हता. अर्ज प्रलंबित ठेवून मला नोकरी शोधण्यासाठी नऊ महिन्यांचा व्हिसा मिळाला. त्या मुदतीत कुशल काम मिळाले तर निवासाचा विचार होणार होता. मुलीची शाळा अर्ध्यावर सोडवू नये म्हणून पत्नी आणि मुलगी गुहागरलाच राहिल्या आणि मी एकट्याचे तिकीट काढले.