पोटापाण्याचं जर्मन: माझा अनुभव

पुण्यात जर्मनच्या पहिल्या पायरीचा, म्हणजे ए-वनचा क्लास करत होते तेव्हा खाण्यापिण्याचा धडा सगळ्यांना आवडायचा, कारण सोपा वाटायचा. चित्र बघा, डेर केझं (चीज), डी मिल्श (दूध), डास ब्रोट (पाव) पाठ करा, झालं. आणि खरं सांगायचं तर परीक्षेला तेवढं पुरतं. तोंडी परीक्षेत कार्ड मिळतं, वर विषय लिहिलेला असतो खाणंपिणं आणि खाली एक शब्द, म्हणजे नाश्ता, रविवार असं काहीतरी, त्यावरून समोरच्याला एक प्रश्न विचारायचा. पुस्तकातली यादी घोकली की निभावतं.

मग मास्टर्ससाठी स्टुटगार्टला आले. कोर्स इंग्लिशमधून होता, त्यामुळे जर्मनची खरी गाठ पडली ती बेकरीत. इथे गंमत अशी की तुम्ही काय मागायचं हे पाठ असतं, पण काउंटरपलीकडची बाई काय विचारणार हे पुस्तकात फार कमी असतं. तुम्ही म्हणता इश हेटे गेर्न, मला अमुक हवं होतं, ती पटकन देते आणि लगेच झोन्स्ट नोख वास? म्हणजे अजून काही? मग त्सुम मिटनेमन? बरोबर नेणार का? मग बिल हवंय का? मागे रांग, सगळे ऑफिसला निघालेले. तेव्हा माझं मत असं झालंय की नामं कमी शिका, समोरच्याचे प्रश्न आधी शिका. वस्तू काय, बोट दाखवूनही मिळते हो, पण प्रश्न कळला नाही की सगळं अडतं.

त्यात परत प्रत्येक गावाचे वेगळे शब्द. छोट्या गोल पावाला पुस्तकात ब्रोटशन, इथे श्वाबेन भागात वेकले, म्युनिककडे झेमल, बर्लिनला श्रिपं. कुठेही ब्रोटशन म्हटलं तरी कळतं त्यांना, पण ते स्वतः बोलताना आपलाच शब्द वापरणार.

आकड्यांचं सगळे रडगाणं गातात, आधी पाच मग वीस असं उलटं का म्हणे. मला हे कधी जड गेलं नाही कारण आपण पंचवीस, बत्तीस, सत्तेचाळीस म्हणतो तेही तसंच, एकक आधी. क्लासमधल्या मराठी मुलांनी याचा फायदा घ्यावा. आर्टिकलचंही तेच, डेर डी डास म्हणजे तो ती ते, आपल्याकडेही आहेच, फक्त कुठल्या वस्तूला कुठलं हे मात्र घोकावंच लागतं, चमचा डेर लोफल, काटा डी गाबल, सुरी डास मेसर. लॉजिक शोधत बसू नका.

ऐकायची खरी प्रॅक्टिस झाली ती मार्केटप्लात्सवरच्या, म्हणजे शहराच्या चौकातल्या बाजारात. मंगळवार, गुरुवार, शनिवार भरतो. चीजच्या गाडीवर शंभर ग्रॅम मागितलं की ती बाई सुरी चीजवर नुसती टेकवते आणि तुमच्याकडे बघते, झो? म्हणजे एवढं? तुम्ही मान हलवली की कापते, वजन करते, काटा शंभरच्या पुढे गेलेला असतो आणि मग येतं ते ठरलेलं वाक्य, डार्फ्स आइन बिसशन मेअर झाइन? थोडं जास्त चालेल का? या, गेर्न (हो, चालेल की) म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मी घरी येऊन अशी वाक्यं वहीत उतरवायचे, जशी ऐकली तशी देवनागरीत, स्पेलिंग नंतर बघायचं.

शाकाहारी असाल तर अजून एक काम आहे. नुसतं वेगेटारिश म्हणून भागत नाही, श्पेक हा शब्द पाठ पाहिजे, डुकराचं चरबीवालं मांस, परतलेल्या बटाट्यात बारीक तुकडे करून बिनधास्त टाकतात. जेलाटीनं सुद्धा लक्षात ठेवा, ते प्राण्यांपासून बनतं आणि गोळ्या चॉकलेटांत सापडतं. इथली फेमस डिश लिन्झन मिट श्पेत्सले, म्हणजे मसुरासारखी डाळ आणि घरगुती नूडल्स, ऐकून वाटतं वा आपलंच जेवण, पण वर उकडलेले सॉसेज ठेवून येतात, आणि डाळीतही श्पेक असू शकतं. म्हणून इस्ट डा फ्लाइश ड्रिन? विचारायचं, यात मांस आहे का. पाकिटांवरची त्सूटाटन म्हणजे घटकांची यादी वाचणं ही फुकटची शिकवणी आहे, जास्त असेल ते आधी अशा क्रमाने लिहिलेलं असतं आणि युरोपच्या नियमाने 14 अ‍ॅलर्जीवाल्या गोष्टी उठून दिसतील अशा छापाव्या लागतात, बहुतेक ठिकाणी ठळक अक्षरात. दूध, अंडं, मोहरी, तीळ, शेंगदाणे हे शब्द मला तिथूनच पक्के झाले.

आणि स्वयंपाकाचे शब्द कुठलाच क्लास शिकवत नाही. रवा म्हणजे वाइखवाइत्सनग्रीस, शिरा उपमा दोन्ही होतं. बेसन किशरएर्ब्सनमेल, दोन दमात म्हणा. जिरं मागताना क्रॉइत्सक्यूमल म्हणायचं, नुसतं क्यूमल म्हटलं तर शहाजिऱ्यासारखं भलतंच हातात येतं. पिठावर नंबर असतो, 405 म्हणजे आपला मैदाच जवळपास, चपातीला मी 1050 घेते (नंबर जेवढा मोठा तेवढा कोंड्याचा अंश जास्त). आणि क्वार्क, म्हणजे इथलं ताजं मऊ चीज! चक्क्याच्या इतकं जवळ जाणारं दुसरं काही इथे नाही, पाकिटावर 40 टक्के फॅट लिहिलेलं आणायचं (ते टक्के पाणी वगळून उरलेल्या भागाचे असतात), फडक्यात थोडा वेळ टांगायचं, साखर वेलची, श्रीखंड तयार. इथल्या मराठी घरांत पाडव्याला हेच चालतं.

ऑफिसात काम सुरू केल्यावर बाराच्या सुमाराला कॉरिडॉरमध्ये जो तो मालत्साइट म्हणत जायचा. जेवण असा अर्थ, पण वापरतात नमस्कारासारखा. उत्तरही मालत्साइटच. पाण्याचं मात्र सांगून ठेवते, हॉटेलात नुसतं वासर म्हटलं की बहुधा गॅसवालं येतं, साधं हवं तर श्टिलेस वासर, आणि तेही विकतचंच. नळाचं पाणी लाइटुंग्सवासर, ते मागितलं तर काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी तोंड वाकडं करतात.

शेवटी बिल. त्सुझामन ओडर गेट्रेंट? एकत्र की वेगवेगळं, हे विचारतातच, आणि वेगवेगळं म्हणायला कोणी लाजत नाही. टिप टेबलावर ठेवून जात नाहीत, बिल 18 युरो 60 झालं तर पैसे देतानाच त्स्वान्त्सिश म्हणायचं, म्हणजे ते वीस घेतात. पूर्ण नोट ठेवा म्हणायचं तर श्टिम्ट झो. आणि नोट पुढे करताना नुसतं डांके (थँक्यू) म्हटलंत तरी त्याचा अर्थ बाकी ठेवा असाच घेतला जातो, तेव्हा सुट्टे परत हवे असतील तर नोट देताना बिटं (प्लीज) म्हणा, डांके सुट्टे हातात आल्यावर.