मस्ट, कॅन, शुड आणि त्यांच्या मागून येणारी वेळ

शाळेत मोडल क्रियापदं तक्त्याने शिकवतात. कॅन म्हणजे शकणे, मस्ट म्हणजे केलंच पाहिजे, शुड म्हणजे करायला हवं, मे म्हणजे कदाचित नाहीतर परवानगी, झालं, चला पुढचा धडा. प्रीपोझिशनचा धडा वेगळा, त्यात ॲट घड्याळातल्या वेळेला, ऑन वाराला नि तारखेला, इन महिन्याला नि वर्षाला. आणि दोन्ही धडे तोंडपाठ असलेली माणसं पुढे ऑफिसच्या मेलमध्ये बिनधास्त लिहितात, 'यू मस्ट सबमिट द रिपोर्ट टिल फ्रायडे'. कारण हे दोन धडे एका वाक्यात भेटले की काय होतं ते कुणी सांगितलेलंच नसतं. मला तर वाटतं मोडल एकटं पाठ करण्यात काही हशील नाही, मागून वेळ कुठली आलीये ते बघेपर्यंत त्याचा अर्थ पक्का होतच नाही.

सगळ्यात जास्त घोळ 'पर्यंत'चा. 'शुक्रवारपर्यंत दे' आणि 'शुक्रवारपर्यंत थांब', आपलं दोन्हीकडे एकाच 'पर्यंत'वर भागतं, कारण देणं एकदाच होतं आणि थांबणं चालू राहतं हे आपण क्रियापदावरूनच ओळखतो. इंग्रजीला ते प्रीपोझिशनमध्येही दिसायला लागतं. एकदाच घडून संपणारी गोष्ट असेल आणि मुदत सांगायची असेल तर बाय, सुरू राहणारी असेल तर टिल किंवा अनटिल. म्हणून 'यू मस्ट सबमिट इट बाय फ्रायडे' पण 'यू कॅन स्टे हिअर टिल फ्रायडे'. वरच्या मेलचा शब्दशः अर्थ घेतला तर शुक्रवार येईपर्यंत रिपोर्ट देतच राहा असा होतो!

नकार आला की मात्र गंमत होते. लीव्ह हे एका क्षणात होणारं काम, तरी 'यू कान्ट लीव्ह अनटिल सिक्स' एकदम बरोबर आहे, कारण इथे चालू राहतंय ते न निघणं. आणि याच जागी मस्ट नॉट आणि डोन्ट हॅव टू यांच्यातला फरक खरा कळतो, नुसत्या तक्त्यात नाही कळत. 'यू मस्ट नॉट सबमिट इट अनटिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवार उजाडायच्या आत द्यायचंच नाही, बंदी. 'यू डोन्ट हॅव टू सबमिट इट अनटिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवारपर्यंत वेळ आहे, आधी दिलंत तर उत्तमच. आणि त्याच वाक्यात अनटिलच्या जागी बाय टाका, 'यू डोन्ट हॅव टू सबमिट इट बाय फ्रायडे', आता शुक्रवारची मुदतच उडाली, सोमवारी दिलं तरी चालेल. एक छोटा शब्द बदलला आणि कुणाचा तरी शनिवार-रविवार सुटला.

बाय फ्रायडे म्हटलं की साधारणपणे शुक्रवार धरून, बिफोर फ्रायडे म्हटलं की गुरुवारीच खेळ खल्लास. पण शुक्रवारी किती वाजेपर्यंत यावरून भांडणं होतातच, म्हणून करार लिहिणारे 'शॅल' आणि 'ऑन ऑर बिफोर' असं जोडीने लिहितात. (मोडलच्या बाबतीत खरी काटेकोर माणसं म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिणारी, १९९७ साली त्यांनी आरएफसी २११९ नावाचं एक छोटं डॉक्युमेंट काढलं, त्यात मस्ट, शुड आणि मे यांचे अर्थ ठरवून दिलेत. मस्ट म्हणजे सक्ती, शुड म्हणजे सबळ कारण असेल तरच आणि परिणामांचा विचार करूनच टाळता येईल असं, मे म्हणजे तुमच्या मर्जीवर. हे एवढं जरी ऑफिसांनी पाळलं ना, तरी 'शुड बी डन बाय मंडे' ही विनंती होती की हुकूम यावरून होणारे निम्मे मेल वाचतील.)

इन च्या बाबतीत आपण खरं तर नशीबवान आहोत. 'तासाभरात' आणि 'तासाभराने' असे दोन वेगळे प्रत्यय आपल्याकडे तयार आहेत, इंग्रजीत दोन्हीला इन. 'आय कॅन फिनिश इट इन ॲन अवर' यात कॅन आहे, क्षमता सांगितलीये, म्हणून तासाभरात. 'आय विल कॉल यू इन ॲन अवर' यात विल आहे, तेव्हा सहसा तासाभराने. हे दुसरं आपल्याला बोचतं आणि आपण 'आफ्टर वन अवर' लिहून मोकळे होतो. समजतं सगळ्यांना, पण आत्तापासून मोजायचं असेल तर तिथे इनच बसतं. आणि तासाच्या आत कधीही असं ठासून सांगायचं असेल तर विदिन.

आता सिन्स. 'कालपासून लॉगिन करता येत नाहीये' हे आपलं रोजचं वाक्य, आणि त्याचं सरळ 'आय कॅनॉट लॉगिन सिन्स यस्टरडे' होतं. चूक आपल्या डोक्यात नाही, कॅनमध्ये आहे. कालपासून आत्तापर्यंत असा पट्टा सांगायला इथे परफेक्ट काळ लागतो, म्हणजे हॅव आणि मागून क्रियापदाचं तिसरं रूप (गो-वेन्ट-गॉन मधलं गॉन), आणि कॅनला परफेक्टचं रूपच नाही, त्याला ना इंगवालं रूप आहे ना तिसरं रूप. मग एबल टू ला बोलवावं लागतं, 'आय हॅवन्ट बीन एबल टू लॉगिन सिन्स यस्टरडे'. लांबलचक आहे, पण इलाज नाही. मस्टची तीच गत, आणि मस्ट तर मुळात जुन्या इंग्रजीतल्या एका क्रियापदाचं भूतकाळी रूप, ते वर्तमानात येऊन बसलं आणि त्याला स्वतःचा भूतकाळ उरला नाही. म्हणून काल जावंच लागलं याला 'आय हॅड टू गो यस्टरडे'.

'शी मस्ट हॅव लेफ्ट बाय सिक्स' हे वाक्य जरा सावकाश वाचा, मला सगळ्यात जास्त हेच आवडतं. यात दोन वेगळ्या वेळा आहेत. मस्ट आत्ताचं आहे, तो माझा आत्ताचा अंदाज, लाइट बंद दिसतोय, बॅग नाहीये. बाय सिक्स मात्र तिच्या निघण्याला चिकटलंय. म्हणजे सक्ती वगैरे काही नाही, 'सहापर्यंत ती निघाली असणार' एवढंच. मस्टच्या जागी मे घाला, निघाली असेल कदाचित. शुड घातलं की पंचाईत, 'शी शुड हॅव लेफ्ट बाय सिक्स' म्हणजे एव्हाना निघालेली असायला हवी हा हिशोब, की निघायला हवं होतं आणि बया अजून इथेच बसलीये ही तक्रार? दोन्ही. आपलं 'पोचायला हवा होता' सुद्धा असंच दोन्हीकडून वाजतं, तेव्हा हे समजायला अवघड जाऊ नये. बाय नाऊ लावलं की बऱ्याचदा हिशोबाकडे झुकतं, ठरलेली वेळ लावली की तक्रारीकडे, पण शेवटी बोलण्याच्या सुरावर असतं सगळं.

राहिलं कुड. याला भूतकाळातलं कॅन समजून लोक लिहितात 'आय कुड फिनिश इट बाय फ्रायडे', म्हणायचं असतं शुक्रवारपर्यंत संपवता आलं. वाचणाऱ्याला मात्र वाटतं हा येत्या शुक्रवारची ऑफर देतोय, जमू शकेल म्हणतोय. एकदा घडून गेलेल्या यशाला 'वॉज एबल टू' नाहीतर 'मॅनेज्ड टू' घ्या. नकारात 'कुडन्ट' बिनधास्त वापरा, तिथे 'आय कुडन्ट फिनिश इट बाय फ्रायडे' चालतं, नाही जमलं म्हणजे नाही जमलं. आणि कुणी 'कुड यू सेंड इट बाय फाइव्ह' विचारलं तर ते कुड भूतकाळाचं नाही, नम्रपणाचं आहे, त्याला 'येस, आय कुड' नाही, 'येस, आय कॅन' म्हणायचं.