गो मॉल म्हणजे सावकाश: नैऋत्य आयर्लंडमध्ये गाडीने नऊ दिवस

डिंगलच्या अलीकडे डांबरी रस्त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत 'गो मॉल' लिहिलेलं दिसलं आणि मागच्या सीटवरून लेक ओरडली, "आई, इथे मॉल आहे!" मॉल कुठला, आजूबाजूला नुसती मेंढरं. आयरिश भाषेत त्याचा अर्थ 'सावकाश जा' असा होतो, हे संध्याकाळी घरमालकिणीने सांगितलं. पुढचे दिवस आम्ही हाच नियम पाळला आणि तुम्हीही पाळावा असं मनापासून वाटतं.

आम्ही चौघं होतो: मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. महिना जून. पहिल्या आराखड्यात अख्खं बेट बसवलं होतं. डोनेगलपासून कॉर्कमधल्या किन्सेलपर्यंत जाणारा वाइल्ड अटलांटिक वे हा किनारी मार्ग सुमारे 2,500 किलोमीटरचा आहे, हे कळल्यावर उत्तरेचा सगळा भाग खोडला. राहिले चार मुक्काम, प्रत्येकी दोन रात्री: कोव्ह, केनमेअर, डिंगल, डूलिन. म्हाताऱ्या माणसाला रोज बॅग भरायला लावणं म्हणजे छळ असतो, म्हणून दोन रात्रींचा हट्ट सोडू नका.

निघण्याआधीच्या दोन गोष्टी. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, व्हिसा वेगळा लागतो. इंग्लंडही करायचं असेल तर भारतीयांसाठी एकाच व्हिसावर दोन्ही देश पाहण्याची सोय आहे, पण व्हिसावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) असा शेरा हवा आणि ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरावं लागतं. दुसरं म्हणजे खाऊ. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवा. पोहे, मेतकूट आणि भाजणी बिनघोर चालली, आणि स्वयंपाकघर असलेली घरं घेतल्यामुळे रोज उपयोगीही पडली.

गाडी डावीकडूनच चालवायची, त्यामुळे आपल्याला ते जड जात नाही. जड जाते ती रुंदी. कॉर्क आणि केरी या परगण्यांतले आडरस्ते आपल्या कोकणातल्या पाखाडीला डांबर लावल्यासारखे आहेत, दोन्ही बाजूंना दगडी गडगा आणि त्यावर झुडपं. समोरून ट्रॅक्टर आला की ज्याच्याजवळ जागा असेल त्याने मागे घ्यायचं. जाताना समोरचा माणूस स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, तो रामराम. तुम्हीही उचला. ग्रामीण स्थानिक रस्त्यांची वेगमर्यादा फेब्रुवारी 2025 पासून ताशी 80 वरून 60 किलोमीटर केली आहे, आणि पुष्कळ ठिकाणी 40 च्या पुढे जाववत नाही. नकाशा एक तास म्हणाला तर दीड धरा. गाडी लहानात लहान घ्या. दुसऱ्याच दिवशी आमचा डावा आरसा झुडपाआडच्या दगडाला घासला आणि भाड्याच्या कंपनीने चांगली मोठी रक्कम कापून घेतली. मूळ विमा असला तरी नुकसानीचा पहिला मोठा हिस्सा आपल्या माथी येतो, आणि टायर-काच बऱ्याचदा त्यात नसतात. तो हिस्सा माफ करणारं जादा कवच घेतलं असतं तर बरं झालं असतं. ताबा घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा. 150 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना त्यांची वेगळी सीट कायद्याने लागते, ती गाडीबरोबरच सांगून ठेवा.

डब्लिन विमानतळावरून दक्षिणेकडे निघालात की एम 50 या मोटरवेवर टोल आहे, पण नाका नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत ऑनलाइन पैसे भरावे लागतात. भाड्याच्या काही गाड्यांत तो आपोआप भरला जातो, म्हणून काउंटरवरच विचारून घ्या. वाटेत कॅशेलचा किल्लेवजा खडक लागतो, पाय मोकळे करायला उत्तम.

कोव्ह हे चढावर वसलेलं रंगीत घरांचं बंदर. 'टायटॅनिक'ने 11 एप्रिल 1912 रोजी शेवटचा नांगर इथे टाकला, तेव्हा गावाचं नाव क्वीन्सटाउन होतं. धक्क्यावर अ‍ॅनी मूर या मुलीचा पुतळा आहे. 1892 च्या 1 जानेवारीला न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरलेली ती पहिली स्थलांतरित. धाकटे दोघे भाऊ तिच्याबरोबर होते. लेक पुतळ्यातल्या त्या भावांपाशी बराच वेळ उभी राहिली.

कोव्हहून केनमेअरचा दिवस मात्र आम्ही चुकीचा आखला. 200 किलोमीटरच्या वर अंतर आणि मध्ये थांबायला हवीत अशी ठिकाणं. तुम्ही मध्ये बँट्रीला मुक्काम करा. स्किबरीनला दुष्काळाचं संग्रहालय आहे आणि गावाबाहेरच्या स्मशानात 8 ते 10 हजार माणसं सामुदायिक खड्ड्यांत पुरलेली आहेत. 1845 मध्ये बटाट्यावर करपा आला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे 10 लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. तिथून पुढे डोंगरउतारांवर बटाट्याचे जुने वरंबे दिसू लागतात, गवताखाली अजून तसेच. सासूबाईंचं माहेर गुहागरकडचं. त्या म्हणाल्या, "इतक्या वर कोण लावणी करतं गं? खाली जागा उरली नसेल तेव्हाच."

आणि मग आहाकिस्टा. ड्युरस गावातून डनमॅनस उपसागराच्या काठाने निघालं की हे छोटंसं गाव येतं. 23 जून 1985 रोजी एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान बॉम्बस्फोटाने याच किनाऱ्यापलीकडच्या समुद्रावर कोसळलं आणि 329 जण गेले. त्यांचं स्मारक इथे आहे: पाण्यालगत लहानशी बाग, एक सूर्यघड्याळ आणि भिंतीवर कोरलेली नावं. सासूबाईंनी ती वाचायला सुरुवात केली आणि आमच्यातलं कुणीच त्यांना घाई केली नाही. एकेका आडनावाखाली तीन-तीन, चार-चार नावं, म्हणजे अख्खी कुटुंबं. सगळी आपल्या शेजारीपाजारी असतात तशी. समुद्रातून 131 मृतदेह मिळाले. ते काढणाऱ्यांत आयरिश खलाशी होते, आणि दर वर्षी 23 जूनला इथली माणसं नातेवाइकांसोबत या बागेत जमतात. आम्ही गेलो तेव्हा कोणीही नव्हतं, गवत नुकतंच कापलेलं होतं. भारतीय प्रवासी डूलिनजवळच्या मोहेरच्या समुद्रकड्यांवर शेकड्यांनी भेटतात, इथे एकही भेटला नाही. वाट थोडी वाकडी होते, पण जा. बागेजवळ मोजक्याच गाड्या मावतात आणि आत बोलायचं ते हळू आवाजात.

ग्लेनगॅरिफनंतर केनमेअरपर्यंतचा घाट खडक फोडून केलेल्या बोगद्यांतून जातो. उजेड असतानाच तो पार करा. जूनमध्ये दहापर्यंत उजेड राहतो, तरी खाणावळींची स्वयंपाकघरं बहुतेक साडेआठ-नऊला बंद होतात. पबमध्ये मुलांना पालकांसोबत नेता येतं, पण 15 वर्षांखालील मुलांना उन्हाळ्यात रात्री दहापर्यंतच, एरवी नऊपर्यंत. संगीत त्याच सुमारास रंगात येतं, म्हणून आम्ही आळीपाळीने गेलो. शाकाहारींना सूप आणि सोडा घातलेला ब्राउन ब्रेड कुठेही मिळतो. सुपात कोंबडीचा रस्सा आहे का, ते दर वेळी विचारा.

डिंगलहून स्ले हेड या भूशिराची फेरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने करा, बस आणि बहुतेक गाड्या तशाच जातात, समोरासमोर अडकायला होत नाही. डनक्विनच्या धक्क्याकडे उतरणारी नागमोडी वाट फक्त चालण्यासाठी आहे, तिच्यावर गाडी घालू नका. समोर ब्लास्केट बेटं दिसतात. त्यातल्या मोठ्या बेटावरची शेवटची 22 माणसं 1953 मध्ये सरकारने मुख्य भूमीवर आणली. पुढे गॅलरसची प्रार्थनाघुमटी आहे, उलट्या होडीच्या आकाराची, चुन्याशिवाय रचलेली. सासूबाईंनी दगडावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "आमच्याकडचा गडगा असाच, नुसता दगडावर दगड. पण छप्पर नाही कुणी केलं." या भागातल्या पाट्या फक्त आयरिशमध्ये असतात, त्यामुळे नकाशावर गावाचं आयरिश नावही पाहून ठेवा.

डिंगल ते डूलिन जाताना लिमरिकचा वळसा घेऊ नका. टार्बर्टहून किलिमरची फेरीबोट गाडीसकट 20 मिनिटांत शॅनन नदी ओलांडून देते, आणि साधारण दर तासाला सुटते. डेकवर उभं राहा, या खाडीत डॉल्फिन कायम असतात. आम्हाला दोन पाठी दिसल्या.

मोहेरच्या कड्यांवर पहिल्या दिवशी धुकं इतकं की कठडाही अंधूक दिसत होता. 214 मीटरचा कडा समोर आहे हे फक्त लाटांच्या आवाजावरून कळत होतं. डूलिनला दोन रात्री असल्याने दुसऱ्या संध्याकाळी परत गेलो आणि सगळं लख्ख दिसलं. वेळ ठरवून ऑनलाइन तिकीट काढा, त्यात पार्किंग येतं. बरेनच्या चुनखडीच्या पठारावर अर्धा दिवस पुरे. पावलं जपून टाका, भेगा खोल आहेत, पण त्यांतली रानफुलं बघायला वाकाच.

परतीला गॉलवेहून डब्लिनचा मोटरवे तीन तासांत संपतो. त्यावर दोन टोलनाके आहेत आणि तिथे थांबून पैसे द्यायचे असतात. सासूबाई वाटेत झोपल्या नाहीत. डब्लिन जवळ आल्यावर म्हणाल्या, "त्या बागेचं नाव मला मराठीत लिहून दे."