हरिपूरचा संगम, मरळ आणि तिकडची क्रेफिश

सांगलीहून हरिपूरला जाताना घाई करू नये, जुन्या चिंचांच्या सावलीतून रमतगमत जावं. थंडीचे दिवस होते. संगमेश्वराचं दर्शन घेऊन कृष्णा-वारणेच्या संगमाकडे उतरलो. घाटावर एक मामा जाळं वाळत घालत होते. पाटीतली मरळ उचलून त्यांनी मला दाखवली. पोटाजवळ रुपयाएवढी लाल जखम, कडेचे खवले गळालेले, आतलं मांस उघडं.

"पाऊस सरून गारठा पडला की मरळीला असं व्हतंय. चिलापीला मात्र काय धाड भरत न्हाई."

मामांनी अचूक हेरलं होतं. माशांना असे व्रण पाडणारा एक रोग १९८८ मध्ये भारतात आला. ॲफॅनोमायसिस इन्व्हाडन्स हा बुरशीसारखा जीव त्याच्या मुळाशी असतो. मरळ त्याला चटकन बळी पडते. चिलापी, म्हणजे बाहेरून आणलेली तिलापिया, सहसा तगते.

याच जिवाच्या भावकीतल्या ॲफॅनोमायसिस अस्टासीने युरोपातल्या क्रेफिशची दैना केली आहे. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला लहानसा शेवंडच म्हणा. १८५९ च्या सुमारास इटलीत साथ सुरू झाली, १९०७ मध्ये स्वीडनला पोचली. अमेरिकी क्रेफिश हा रोग अंगावर बाळगूनही बहुधा धडधाकट राहते. युरोपातल्या मूळच्या जातींचे मात्र ओढेच्या ओढे रिकामे होतात. तरीही १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये शेतीसाठी अमेरिकेची सिग्नल क्रेफिश आणली गेली. ती तळ्यांतून निसटून नद्यांत शिरली आणि तिथली पांढऱ्या नांग्यांची क्रेफिश आज संकटात आहे. याचा मला फार राग येतो. एकदा साथीने हात पोळले होते, तरी परक्या क्रेफिशची हौस फिटली नव्हती.

बीजाणू पाण्यात पोहतात, ओल्या जाळ्यातून, बुटांतून दुसऱ्या ओढ्यात जातात. म्हणून तिकडे मासेमारीचं सामान धुऊन कडकडीत वाळवायला सांगतात.

"आपल्याकडं हाय का ही क्रेफिश?" मामांनी विचारलं.

नदीत मूळची नाही, पण शोभेच्या टाक्यांसाठी विकतात, असं मी सांगितलं. हा रोग चिनी खेकड्यांतही सापडलाय. वर कोयनेच्या खोऱ्यात आपले खेकडे आहेत, त्यांची मला काळजी वाटते.

"अवो, टाकीतलं मासं लोक हितंच आणून सोडत्यात," मामा म्हणाले. "पुण्य लागतंय म्हणं. आता कुणी आलं की माघारी धाडतो."